पिवळा कागद

खांबावर दिवा चढवला, जोडणी झाली, खालून कुणी बटण दाबलं की आम्ही सगळे मान वर करून बघत उभे राहायचो. भाऊ मात्र दिव्याकडे पाठ करून रस्त्याने खाली चालू लागायचे. वळणाच्या अलीकडे बरंच अंतर गेल्यावर ते थांबायचे, रस्त्याच्या कडेला उकिडवे बसायचे आणि मग पहिल्यांदा मागे वळून दिव्याकडे बघायचे.

"लागला," तिथूनच हात वर करून सांगायचे. "दिसला का, त्ये बघू द्या."

सुरुवातीला आम्हाला याचं हसू यायचं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, काम झालं असं बाकीच्यांना वाटतं तिथे त्यांचं काम सुरू होतं. एक माणूस उकिडवा बसून दिवा बघतो, मग उठून एका दगडावर चढून बघतो, मग डोक्यावर ओझं असल्यासारखी मान ताठ धरून चालत चालत बघतो. विचारलं तर म्हणाले, उकिडवं बसलं की मोटरसायकलवाल्याचा डोळा, दगडावर एसटीवाल्याचा आणि मान ताठ धरली की डोक्यावर भारा घेऊन येणाऱ्या बाईचा. बाईला वर बघता येत नाही. तिला दिव्याचा उजेड रस्त्यावर दिसला पाहिजे.

तो दगड त्यांनी स्वतः ओढ्यातून आणून ठेवला होता. वरून सपाट, एसटीच्या ड्रायव्हरच्या सीटची उंची हिशेबात धरून निवडलेला. आमच्या कंपनीच्या कुठल्याही नकाशात तो नव्हता.

काम कशाचं होतं ते आधी सांगतो. लोणावळ्याहून औंढ्यावरून पवनेच्या बाजूला जाणारा रस्ता आहे. त्यावर एक वळण असं आहे की पलीकडे काय उभं आहे ते वळल्याशिवाय कळत नाही, आणि पावसाळ्यात धुकं उतरलं की वळल्यावरही कळत नाही. त्या वळणावर आम्ही बोलणारे दिवे बसवत होतो. बोलणारे म्हणजे आवाज करणारे नव्हेत. एलईडीचा दिवा सेकंदात हजारो वेळा लावता-विझवता येतो. आपल्या डोळ्याला तो शांत जळताना दिसतो, पण गाडीच्या काचेमागे बसवलेला रिसीव्हर ती उघडझाप वाचू शकतो. वळणापलीकडे गाडी बंद पडली की तिथला सेन्सर खांबाला कळवणार, खांब येणाऱ्या गाडीला उजेडातून कळवणार आणि गाडीतल्या छोट्या पडद्यावर अक्षरं उमटणार: पुढे वाहन थांबले आहे.

मी त्या कामाचा साइटवरचा इंजिनियर होतो. भाऊ औंढ्याचे, कंत्राटदाराकडचे वायरमन. वयाने माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. खांबावर चढताना मात्र मी खाली धापा टाकत असायचो आणि ते वर पोचून पान्याने काहीतरी ठोकत असायचे.

आमचं हे सगळं तंत्र गावात त्यांनीच समजावलं. पहिल्या आठवड्यात लोक विचारायला येत. मी उघडझाप, रिसीव्हर, सिग्नल असं सांगायला लागलो की माना हलवत, पण डोळे रिकामे. भाऊंना एकदा एका म्हाताऱ्या आबांना सांगताना ऐकलं. "दिवा पापणी हलवतो, आबा. लय चटाचटा. आपल्याला न्हाई कळत. गाडीत एक डोळा बसवलाय, त्याला कळतं." आबा म्हणाले, म्हणजे दिवा डोळा मारतो. भाऊ म्हणाले, व्हय, पण चांगल्या चालीचा हाय, फक्त गाड्यांनाच मारतो.

तेव्हापासून आमच्या साइटवर रिसीव्हरला डोळा हेच नाव पडलं. पुण्याहून आलेला आमचा एक अधिकारी मीटिंगमध्ये चुकून "डोळ्याची वायर" म्हणून गेला होता.

भाऊंचं आणि कोळ्यांचं वैर होतं. उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि दिव्याच्या तोंडावर जाळं विणतो. पाऊस पडला की त्या जाळ्यावर थेंब बसतात आणि उजेड फाटतो. आमच्या माहितीपुस्तिकेत दिवा महिन्यातून एकदा मऊ कापडाने पुसावा असं लिहिलं होतं. भाऊ एका काठीला नारळाच्या हिराची केरसुणी बांधून दर दोन दिवसांनी जाळी काढायचे. कोळी मारायचे नाहीत. केरसुणीवर घेऊन पलीकडच्या करवंदीच्या जाळीत सोडून यायचे. "हितं दुकान मांड," त्याला सांगायचे. तो परत येणार हे त्यांनाही ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझं गाव विचारलं होतं. मी तळेगाव सांगितलं. राहतो तिथेच, पण गाव माझं सुदुंबरं. वडील तिथे शेती करत. शिकायला पुण्यात गेलो तेव्हा माझ्या बोलण्यातलं न्हाई आणि व्हय मी इतक्या कष्टाने घासून काढलं होतं की पुढे गावाचं नावही त्याबरोबर निघून गेलं. भाऊ थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चालणं तर मावळातलं हाय तुमचं." मी हसून विषय बदलला.

हे बारीकसं खोटं इथे सांगतोय ते उगाच नाही. मोठं पुढे येतंय.

भाऊ आधी कित्येक वर्षं पहाटे मोटरसायकलवरून दूध घालायला लोणावळ्याला जात. दोन्हीकडे कॅन, आणि रस्ता हाच. त्यामुळे धुक्याबद्दल त्यांना जे माहीत होतं ते आमच्यापैकी कुणालाच नव्हतं. धुकं वरून उतरतं तेव्हा वेगळं आणि दरीतून वर चढतं तेव्हा वेगळं. चढणारं धुकं आधी चाकं गिळतं. उतरणाऱ्या धुक्यात हेडलाइट लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणून आमच्या भागात पावसाळा आला की लोक गाड्यांच्या हेडलाइटला पिवळा जिलेटीनचा कागद लावतात. शास्त्राने पाहिलं तर दाट धुक्यात पिवळ्याने फार मोठा फरक पडत नाही, पण डोळ्यांवर कमी येतं हे खरं आणि चालवणाऱ्याला धीर येतो हे त्याहून खरं. भाऊ लोणावळ्याच्या बाजारातून तो कागद आणायचे आणि गावातल्या झाडून सगळ्या गाड्यांना लावून द्यायचे. कात्री, चिकटपट्टी आणि एक ओलं फडकं घेऊन देवळापाशी बसायचे आणि दुधाचे टेम्पो, रिक्षा, कॉलेजला जाणाऱ्या पोरांच्या गाड्या त्यांच्यासमोर रांगेत लागायच्या. कागदाला एकही सुरकुती राहता कामा नये. राहिली तर काढून परत.

आता निळ्या काचेबद्दल.

आमच्या डोळ्यासमोर, म्हणजे रिसीव्हरसमोर, एक निळी काच होती. भाऊंनी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा विचारलं, "साहेब, ह्याला गॉगल कशापायी?"

त्याचं उत्तर अवघड नव्हतं. पांढऱ्या एलईडीच्या पोटात खरं तर निळा दिवा असतो आणि त्यावर पिवळा लेप. दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. निळा उजेड चटकन लागतो आणि चटकन विझतो, पिवळा जरा रेंगाळतो. जलद निरोप वाचायचा तर रेंगाळणारा उजेड अडचणीचा, म्हणून डोळ्यापुढे निळी काच लावून त्याला फक्त निळंच दाखवायचं. इतकंच. पाच मिनिटांचं काम होतं. ज्या माणसाने आबांना पापणीचं समजावलं त्याला हे दोन मिनिटांत कळलं असतं.

मी म्हणालो, "ते राहू द्या भाऊ, ते टेक्निकल आहे."

त्यांनी मान हलवली आणि वायर सोलायला घेतली.

प्रात्यक्षिकाचा दिवस ठरला तो ऐन पावसाळ्यातला. मुद्दामच तसा ठरवला होता, धुक्यात चालून दाखवलं तरच उपयोग. सरकारी खात्यातले दोन अधिकारी येणार होते आणि आमच्या कंपनीचे मोठे साहेब. पसंत पडलं तर वर खिंडीपर्यंत सगळ्या वळणांवर असे खांब होणार होते, आणि त्यांची देखभाल करायला कायमचा माणूस लागणार होता. मी भाऊंना सांगून ठेवलं होतं की तिथे तुमचंच नाव देतो. त्या भरवशावर त्यांनी दुधाचा रतीब पुतण्याकडे सोपवला होता. घराजवळ, रोज त्याच रस्त्यावर, दिव्यांच्या संगतीत. आपल्यासाठीच कुणीतरी हे काम काढलंय असं त्यांना वाटत होतं. तसं ते बोलले नाहीत, पण त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि वायरमनची पिशवी धुतलेली होती.

सकाळी नऊच्या सुमारास धुकं असं उतरलं की खांबाच्या बुंध्याशी उभं राहून वरचा दिवा शोधावा लागत होता. मी फोनवर होतो. पाहुण्यांचं जेवण कुठल्या हॉटेलात ठेवायचं, शाकाहारी किती, हे चाललं होतं. भाऊ वळणाखालून आले. पँट गुडघ्यापर्यंत ओली, म्हणजे उकिडवे बसून आलेले.

"साहेब, दिवा दिसंना. पांढऱ्यात पांढरं झालंय. कागद लावतो."

मी फोनवर हात ठेवला आणि म्हणालो, "लावा, लावा."

पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की माझं लक्ष नव्हतं, नीट ऐकलं नव्हतं. ऐकलं होतं. दिवा हा शब्द ऐकला होता, कागद हा शब्द ऐकला होता, आणि मावळातल्या माणसाला कागद म्हणजे कुठला हे विचारावं लागत नाही. फक्त त्या क्षणी मला पाच शाकाहारी की सहा, याची जास्त काळजी होती.

पाहुणे आले, छत्र्या उघडल्या, चिखलात बूट कसे वाचवायचे यात थोडा वेळ गेला. वळणापलीकडे आम्ही एक टेम्पो मुद्दाम आडवा उभा केला होता. चाचणीच्या गाडीत मागे पाहुणे, पुढे आमचा ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारी मी, मांडीवर लॅपटॉप. गाडी निघाली. मला समोरच्या काचेतून काही दिसत नव्हतं आणि मी बघतही नव्हतो. मी पडद्याकडे बघत होतो.

पडदा कोरा.

गाडी हळू झाली, आणखी हळू झाली आणि टेम्पोपासून चांगल्या अंतरावर थांबली. पडदा तसाच कोरा. मागून मोठ्या साहेबांनी विचारलं, मेसेज कुठे आहे? खात्यातले अधिकारी ड्रायव्हरला म्हणाले, मग तुम्ही थांबलात कसे? ड्रायव्हर बापडा खरं ते बोलला. म्हणाला, समोर पिवळा डाग दिसला, वळण आलं कळलं, पाय आपोआप ब्रेकवर गेला.

अधिकारी हसले. मोठे साहेब हसले नाहीत.

आम्ही खाली उतरलो. वर खांबावर दिवा पिवळाधमक जळत होता. कागदाला एकही सुरकुती नव्हती. माणसाला तो इतका छान दिसत होता, आणि निळा उजेड सगळा त्या कागदाने अडवला होता. आमचा डोळा निळ्या काचेमागे ठार आंधळा झाला होता.

"हे कुणी केलं?" मोठ्या साहेबांनी विचारलं. बघत होते ते माझ्याकडे.

मी म्हणालो, "मला विचारलं नव्हतं, सर."

चारच शब्द. मला ते शोधावेही लागले नाहीत. तयार ठेवल्यासारखे तोंडातून आले.

भाऊ खांबाला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. दिव्याकडे बघायचे तसंच, हे पलीकडून कसं दिसतंय ते तपासल्यासारखं. मग मोठ्या साहेबांकडे वळून म्हणाले, "मीच लावला. धुकं व्हतं."

आणि ते खांबावर चढले. कागद त्यांनी फाडला नाही. चिकटपट्टीचा एकेक कोपरा नखाने सोडवत काढला, खाली आले, त्याची चौघडी केली आणि इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात ठेवली. गाडी पुन्हा फिरवून आणली. पडद्यावर अक्षरं उमटली: पुढे वाहन थांबले आहे. टाळ्या झाल्या. अधिकाऱ्यांनी माझा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराने त्यांना यायला नको म्हणून सांगितलं. मला फोनवर फक्त कळवलं आणि मी "बरं" म्हणालो. माझ्या अहवालात मी लिहिलं की देखभाल कर्मचाऱ्याने विनापरवानगी दिव्यावर आवरण लावल्याने पहिल्या फेरीत संदेश पोचला नाही. भाषा चांगली होती. त्यात भाऊंचं नाव नव्हतं आणि दोष मात्र होता. खिंडीपर्यंतच्या कामाला मंजुरी आली. देखभालीला दुसरा माणूस नेमला. तो महिन्यातून एकदा मऊ कापडाने दिवे पुसतो.

पुढच्या पावसाळ्यात लोणावळ्यात एका पॉइंटपाशी गर्दीत अडकलो होतो. शनिवारची गर्दी तुम्हाला माहीत आहे. कणसं, वडे, भिजलेली माणसं आणि एकमेकांच्या अंगावर चढणाऱ्या गाड्या. शिटीचा आवाज आला. रेनकोट घातलेला एक माणूस पार्किंगमध्ये गाड्या मागे घ्यायला मदत करत होता. एका हातात बॅटरी, आणि बॅटरीच्या तोंडावर पिवळा कागद. गाडी मागे येताना तो मध्येच खाली बसायचा, ड्रायव्हरच्या आरशात आपण दिसतोय का बघायचा आणि उठून पुन्हा शिटी मारायचा.

मी काच वर केली आणि सीटवर खाली सरकलो. पन्नाशीला आलेला माणूस स्वतःच्या गाडीत खाली सरकून बसतो तेव्हा कसा दिसतो, ते सुदैवाने कुणी बघितलं नाही.

त्यानंतर वर्षभराने, भात कापणीच्या दिवसांत, एका रविवारी मी औंढ्याला त्यांच्या घरी गेलो. माफी मागायचीच असं ठरवून. ते खळ्यात पेंढ्या झोडत होते. मला बघून हातातली पेंढी खाली ठेवली, आत हाक मारून चहा सांगितला आणि मला बसायला पोतं झटकून दिलं. वागण्यात जुनाच ओलावा. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते अवघड गेलं.

"भाऊ, त्या दिवशी मी," इतकं मी बोललो.

ते म्हणाले, "डोळा अजून निळ्या काचेतनंच बघतो का?"

मी हो म्हणालो. मग मी काटकी घेतली आणि खळ्यातल्या सारवलेल्या जमिनीवर काढून दाखवलं. पोटातला निळा दिवा, वरचा पिवळा लेप, रेंगाळणारा उजेड, काच. जे दोन वर्षांपूर्वी सांगायचं होतं ते. त्यांनी एकदाही मधे विचारलं नाही. शेवटी म्हणाले, "म्हंजे मी डोळ्याच्या तोंडापुढचं ताटच काढून घेतलं."

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

"व्हय. तवाच सांगितलं असतंत तर लावला नसता मी."

बस. एवढंच. दोन वर्षं मी ज्याला घाबरत होतो तो सगळा हिशेब त्यांनी एका वाक्यात मांडला, आणि आवाज जराही चढला नाही. चहा आला. चहा घेता घेता त्या रेघोट्यांकडे बघत ते म्हणाले, "मंग दोन दिवे लावा की. वरला पांढरा, यंत्राला. खालती पिवळा, माणसाला. समद्या गाड्यांत कुटं डोळा बसवणार तुमी? दूधवाल्याच्या फटफटीला कोण बसवून देतंय?"

मी पुन्हा विषय काढायचा प्रयत्न केला. ते उठले, पेंढी उचलली. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब. दिवा बघा." निघताना त्यांनी नव्या इंद्रायणीची पिशवी गाडीत ठेवली. मी माफी न मागता आलो, आणि त्यांचा तांदूळ घेऊन आलो.

आता सगळं सांगायचंच ठरवलंय तर पुढचंही सांगतो. दोन दिव्यांची कल्पना मी ऑफिसात मांडली. सगळ्यांना आवडली. किती साधी गोष्ट, कुणाच्या लक्षात कशी आली नाही, असं मोठे साहेब म्हणाले. खिंडीपर्यंतच्या प्रत्येक खांबावर आता खाली एक पिवळा दिवा आहे. ही सूचना कुणाची, असं मला कुणी विचारलं नाही. या वेळी खोटं बोलायचीही गरज पडली नाही. कागदावर माझं नाव आपोआप आलं.

भाऊ गेल्याचं मला आमच्या ड्रायव्हरकडून कळलं. आजार महिना-दीड महिन्याचाच. कळलं तेव्हा बरेच दिवस उलटले होते.

त्या रात्री नव्हे, त्या आठवड्यातही नव्हे, पण शेवटी मी बसून एक पत्र लिहिलं, कंपनीला आणि खात्याला. त्यात दोन गोष्टी होत्या. दिव्यावर कागद लावायची परवानगी माझ्याकडे मागितली होती आणि मी ती दिली होती. आणि दोन दिव्यांची सूचना माझी नाही, भाऊंची आहे. इथे त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्या पत्रात पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट. मोठ्या साहेबांचा फोन आला, आता कशाला हे, म्हणाले. मी म्हणालो, रेकॉर्डला लावा. तेव्हापासून ऑफिसात माझ्याशी बोलायची तऱ्हा बदलली आहे. खिंडीचं काम माझ्याकडून काढून घेतलंय. ठीक आहे.

पत्राची एक प्रत घेऊन मी औंढ्याला गेलो. वहिनी दारात तांदूळ निवडत होत्या. मुलगी घरी होती, लोणावळ्यात एका दवाखान्यात कामाला असते. तिने पत्र मोठ्याने वाचलं. पहिला मुद्दा वाचताना तिचा आवाज जरा अडखळला. वहिनींचा हात सुपात थांबला.

"म्हंजे त्यास्नी काढलेलं?" त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

"आमाला म्हनले, खांब बसवून झालं, काम सपलं."

हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मला वाटलं होतं की घरात, गावात, सगळीकडे माझं नाव वाईट झालं असेल. त्याच भीतीने मी पहिली दोन वर्षं या दारात यायचं टाळलं होतं. त्यांनी घरातही सांगितलं नव्हतं. स्वतःवर आलेला आळ सांगायचा तर माझं नाव आलं असतं, म्हणून दोन्ही गिळलं होतं. आणि आता मी स्वतःचं ओझं उतरवायला येऊन या बाईला, तिचा माणूस गेल्यावर, त्याचा अपमान नव्याने ऐकवला होता.

"माझी चूक होती, वहिनी. माफी मागायला आलोय."

सुपातला एक खडा काढून त्यांनी अंगणात टाकला.

"तुमी ते असताना यायला पायजे व्हतं," त्या म्हणाल्या. "येऊन गेलता तवा बोलायला पायजे व्हतं."

मी हो म्हणालो.

मुलीने पत्राची घडी केली आणि विचारलं की हे आम्ही ठेवू का. मी म्हणालो, तुमच्यासाठीच आणलंय. मग तिनेच सांगितलं की आजारपणात, पिवळे दिवे नुकते लागले होते तेव्हा, बाबांनी हट्ट धरला. पाऊस होता, धुकं होतं. ती त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून वळणावर घेऊन गेली. दगडावर चढायची ताकद नव्हती. तिच्या खांद्याला धरून ते रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले.

"काही म्हणाले?" मी विचारलं.

"न्हाई. बघितलं. मग म्हणाले, चल घरी."

वहिनींनी मला चहा विचारला नाही, ते योग्यच होतं. मी निघालो. वळणापाशी आलो तेव्हा दुपारचे तीन-साडेतीन झाले असतील, पण धुकं असं होतं की गाड्या दिवे लावून चालल्या होत्या. मी गाडी बाजूला लावली. दगड होता तिथेच होता, त्यावर शेवाळ आलं होतं. त्यावर चढायला मला धीर झाला नाही. त्याच्या शेजारी मी उकिडवा बसलो. पँट गुडघ्यापर्यंत भिजली. वरचा पांढरा दिवा धुक्यात हरवला होता. त्याच्या खाली एक पिवळा डाग.

मागून मोटरसायकल आली, दोन्हीकडे कॅन. मला असा बसलेला बघून दूधवाल्याने गाडी हळू केली.

"काय पडलंय का हो, काका?"

"न्हाई," मी म्हणालो. "दिवा बघतोय. दिसतो का, त्ये बघतोय."

त्याने मान उचलून वळणाकडे पाहिलं.

"दिसतोय की," म्हणाला, आणि गिअर टाकून गेला.